गावचा काळोख, गावचा ठराव

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ‘विक्रम’ चंद्रावर उतरला, तेव्हा कोकणातल्या कितीतरी शाळांत मुलं टीव्हीसमोर बसली होती. टाळ्या वाजल्या, घोषणा झाल्या, पेढे वाटले गेले. हे सगळं योग्यच होतं. पण त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती. म्हणजे ज्या चंद्रावर यान उतरत होतं, तो चंद्र त्याच घटकेला शाळेबाहेर दक्षिणेच्या आकाशात चांगला वर आलेला होता. श्रावणातले ढग आड आले असतील, दिसला नसेल. तरी मुलांना क्षणभर अंगणात नेऊन ‘ढग नसते तर तो तिथे दिसला असता’ असं बोट करून दाखवणं किती शाळांत घडलं असेल?

अंतराळाचं कौतुक आपल्याकडे उदंड आहे. चांद्रयान झालं, आदित्य सूर्याकडे नजर लावून बसलं, शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकात राहून आले. प्रत्येक वेळी गावच्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश फिरले. आणि त्याच गावात, त्याच वर्षी, तिठ्यावर एक नवा हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा झोतदिव्यांचा घोस, उभा राहिला. त्याचं नारळ फोडून उद्‌घाटन झालं, निधी कोणाचा त्याची पाटी लागली आणि गावाच्या आकाशातले निम्मे तारे त्या रात्रीपासून दिसेनासे झाले. याबद्दल कोणी हरकत घेतली नाही, कारण आपलं काही गेलं आहे असं कोणाला वाटलंच नाही.

म्हणून हा लेख. कोकणातल्या ग्रामपंचायतींनी रात्रीचा काळोख हा गावाचा सामायिक ठेवा मानावा आणि दिवा कुठे लावायचा, कोणत्या रंगाचा, किती वाजेपर्यंत, हे ग्रामसभेत बसून ठरवावं, असं माझं म्हणणं आहे. पाणंद, गायरान, देवराई यांच्याबद्दल गाव जसं ठरवत आलं, तसंच.

आपल्याकडे आहे काय, ते आधी बघू. रत्नागिरी साधारण सतरा उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुव आपल्याला क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर, माडांच्या झावळ्यांत अडकलेला दिसतो. पण त्याच कारणाने दक्षिणेचं आकाश आपल्याला भरभरून मिळतं. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला अगस्तीचा ठळक तारा दक्षिणेला वीस अंशांपर्यंत चढलेला असतो. लंडनच्या माणसाला तो जन्मभर घरून दिसत नाही. मे महिन्यात साडेनवाला दक्षिण क्षितिज मोकळं असलेल्या जागी उभं राहिलं की क्रुसाच्या आकाराचा त्रिशंकू हा तारकासमूह सरळ उभा दिसतो. त्याच्या डावीकडे नरतुरंगाचे दोन ठळक तारे असतात. त्यांतला अधिक तेजस्वी म्हणजे सूर्याचा सख्खा शेजारी, सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवरचा. आकाशगंगेचा गाभा धनु राशीच्या दिशेला आहे, तो आपल्याकडे चव्वेचाळीस अंशांपर्यंत वर येतो. तो संध्याकाळी दिसण्याचे महिने नेमके पावसात जातात हे खरं. मग मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला उठावं. पहाटे पोफळीचं पाणी सोडायला उठणारी माणसं आपल्या घराघरांत होती आणि आहेत, त्यांना हे अवघड नाही.

आणि आपल्याकडे सडे आहेत. झाड नाही, घर नाही, चहूबाजूंनी क्षितिज मोकळं. दिवसा पाय भाजतात असा तो कातळ रात्री पाठ टेकायला उबदार असतो. राजापूर, लांजा, देवगड या बाजूच्या सड्यांवर अमावास्येला गेलात तर आकाशगंगा शोधावी लागत नाही. याच सड्यांवर पूर्वी कोणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. ती कोरणाऱ्यांच्या डोक्यावर होतं तेच आकाश अजून जवळपास तसंच आहे. सडे मात्र विकले जात आहेत. प्लॉट पडतात, कमान उभी राहते आणि एकही घर बांधायच्या आधी कमानीवर दिवे लागतात.

नक्षत्रांशी आपला संबंध तुटलाय असं म्हणणं चुकीचं ठरेल. रोहिणीत पेरणी, मृगाचा पाऊस, हत्तीचा गडगडाट ही आजही आपल्या शेतीची बोली आहे. फक्त आकाशातलं मृग आणि बोलण्यातला मृग यांची गाठ सुटली आहे. जूनच्या सात-आठ तारखेला ‘मृग निघाला’ म्हणतात, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो. त्यामुळे ढग नसते तरी मृगाचे तारे त्या दिवसांत दिसले नसते. ते बघायचे तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, पूर्वेकडून चढताना. चार खूर, मध्ये तीन ताऱ्यांचं तिकांडे, खाली व्याधाचा तारा. पोरांना हे एकदा दाखवलं की पंचांगातल्या ओळीमागे सूर्याची वाट आहे हे त्यांना आपोआप कळतं, वेगळा तास घ्यावा लागत नाही.

सिंधुदुर्गातल्या एका बंदरालगतच्या पुळणीवर आम्ही सहा इंची दुर्बीण लावली होती. रांगेत मुलं होती, दोन-तीन शिक्षक होते आणि मासळी विकून घरी निघालेल्या एक आजी, टोपली खाली ठेवून उभ्या राहिलेल्या. त्यांना शनी दाखवला. बराच वेळ त्या डोळा काढेनात. मग म्हणाल्या, “ह्योच तो साडेसातीचो शनी? मगे लोका हेका कित्याक भियतत?” अंधश्रद्धेवर मी आजवर केलेल्या कुठल्याही भाषणाला हे साधलं नव्हतं. पण त्या रात्री दुसरीही एक गोष्ट झाली. जेटीच्या तोंडाशी हायमास्ट होता. त्याच्या सहा दिव्यांपैकी तीन समुद्राकडे वळलेले, जिथे रात्री कोणी चालत नाही. उजेड पाण्यावर सांडत होता, खांबाच्या माथ्याशी किड्यांचं मोहोळ होतं आणि पुळणीवर आमच्या लांबच लांब सावल्या पडल्या होत्या. शनी ठळक, म्हणून तो दिसला. देवयानीची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दूरचा समूह, दाखवायची म्हटली तर जमेना. शेवटी वर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या आडोशाला, तिच्या सावलीत, मुलांना चार-चारच्या गटाने बसवलं. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड त्या पोरांनी होडीच्या सावलीत बसून बघितला. आठ-दहा वर्षांपूर्वी त्याच पुळणीवर असला आडोसा शोधावा लागत नव्हता.

दिव्यांचं विज्ञान थोडक्यात सांगतो, कारण ठराव करायचा तर तेवढं माहीत हवं. पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळ्या प्रकाशाचं प्रमाण जास्त असतं आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसाचं आकाश निळं दिसतं तेही याचमुळे. कोकणची हवा दमट आणि खारी. अशा हवेत दिव्याभोवती धुकट वलय धरतं, ते आपण रोज बघतो. पिवळसर दिव्याने हे नुकसान बरंच कमी होतं. दिव्यावर टोपी असेल, म्हणजे उजेड फक्त खाली पडेल अशी सोय असेल, तर आणखी कमी. डोळ्याचंही एक गणित आहे. काळोखाला पुरता सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि उघड्या फ्लडलाइटकडे एक नजर गेली की ती कमाई जाते.

जगभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या अंगणातून मृगासारख्या तारकासमूहांतले किती तारे दिसतात याच्या नोंदी २०११ ते २०२२ या काळात पाठवल्या. अशा पन्नास हजारांहून अधिक नोंदींवरून २०२३ मध्ये निष्कर्ष निघाला की आकाशाचा उजेड सरासरी दरवर्षी सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढतो आहे. या वेगाने, जिथे बाळ जन्मताना अडीचशे तारे दिसत होते तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतील. या नोंदी बहुतांश युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आहेत, आपल्याकडच्या फार थोड्या. तेही काम आपल्याच शाळांनी करण्यासारखं आहे. त्याला दुर्बीणसुद्धा लागत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. तो खराच मोठा आहे. ‘तुम्हाला तारे हवेत, आम्हाला रात्री घरी सुखरूप पोचायचंय.’ शेवटच्या एसटीतून उतरून वाडीपर्यंत एकटी चालणारी मुलगी, पहाटे लिलावाला निघालेली बाई, बिबट्याची भीती, फुरशाची भीती. यातलं काहीही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्याने घरात सर्पदंश बघितला आहे त्याला काळोखाचं सौंदर्य सांगायला जाऊ नये.

पण हायमास्ट नक्की कुठे असतो ते बघा. तो तिठ्यावर असतो, देवळासमोर असतो, जेटीवर असतो. फुरसं असतं पाखाडीच्या चिऱ्यांच्या फटीत, गडग्याच्या कडेला, पातेऱ्यात. एसटी थांब्यापासून वाडीपर्यंतची ती पाखाडी बहुतेक गावांत काळोखीच आहे. नऊ-बारा मीटर उंचीवरचा झोत तिच्यापर्यंत पोचत नाही. उलट त्या झोतातून बाहेर पडून पाखाडीला लागणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे काही क्षण ठार अंधार होतो, म्हणजे सापावर पाय पडायची शक्यता नेमकी तिथेच वाढते. त्या मुलीला हवेत ते कमरेएवढ्या किंवा फार तर डोक्याच्या वर हातभर उंचीचे, पायाखाली उजेड टाकणारे, माणूस आला की पेटणारे दिवे, थांब्यापासून दारापर्यंत. काळोख राखणारा गाव आणि बाईमाणसाला सुरक्षित वाटणारा गाव यांची मागणी एकाच प्रकारच्या दिव्याची आहे. हायमास्ट मात्र दिसायला मोठा, एका दिवसात उभा राहणारा आणि पाटी लावायला सोयीचा. म्हणून तो येतो. त्याचं बिल पुढे ग्रामपंचायत भरत राहते.

काळोखाची गरज फक्त माणसालाच आहे असं नाही, हे वेळास आणि आंजर्ल्याच्या लोकांना सांगावं लागत नाही. ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतं. लाखो वर्षं ती बाजू समुद्राची होती. किनाऱ्यावर रिसॉर्टचे दिवे असले की पिल्लू उलटं फिरतं आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातं किंवा उन्हात सुकतं. या गावांनी अंडी राखली, घरं पाहुण्यांना उघडी केली, कासवाच्या जिवावर चार पैसेही मिळवले. हे सगळं गावाने ठरवलं म्हणून झालं.

मच्छीमारांना तर या बाबतीत कोणी शहाणपण शिकवू नये. समुद्रात प्रखर एलईडी लावून मासळी गोळा करणाऱ्या नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आहेत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरून बघितलं की पश्चिमेला पाण्यावर वस्ती असावी असा लखलखाट अनेकदा दिसतो. त्यांचं भांडण पोटासाठी आहे, माझं हौसेसाठी, दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण उजेडाचा अतिरेक काय करतो हे कोकणात सगळ्यात आधी त्यांनी ओळखलं. काळोखाच्या ठरावाला पहिले सूचक मिळायचे तर ते त्यांच्यातूनच मिळतील असा माझा विश्वास आहे.

विजेच्या उपद्रवापासून विज्ञानाला कोकणाने आसरा दिल्याचं उदाहरणही घरचंच आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून होत होती. मुंबईत ट्राम विजेवर चालणार असं ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. मग अलिबागला जागा शोधली, लोहाचा अंश नसलेला दगड आणून इमारत बांधली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू केल्या. त्या आजही चालू आहेत. एक शहर वाढत असताना मोजमापासाठी शांत जागा राखावी लागते एवढी समज तेव्हा राज्यकर्त्यांना होती. आज मोजमापं सोडाच, नुसतं बघायला जागा राखावी म्हटलं तरी विकासाच्या आड येतोय असं ऐकून घ्यावं लागतं.

इथे विजयदुर्गाबद्दल बोलणं भाग आहे. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथूनच हेलियम शोधला असं सांगितलं जातं. मुलांना किल्ल्यावर नेऊन सूर्याबद्दल बोलणं ही फार चांगली प्रथा आहे, ती चालू राहावी. पण लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हते. ते ग्रहण बघायला आलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनही गुंटूरला होते. लॉकियर यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या उजेडाची रंगारंगांत केलेली फोड, २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना बघितला. त्यातली पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत. ही खरी गोष्ट दंतकथेपेक्षा कितीतरी सरस आहे. जी वस्तू पृथ्वीवर कोणी पाहिलेली नाही ती नुसत्या उजेडावरून सूर्यात ओळखायची आणि तिच्यासाठी सत्तावीस वर्षं थांबायचं! किल्ल्याच्या तटावर बसवून मुलांना हे सांगा, उजेडाचे रंग सुटे करून दाखवणारं साधं स्पेक्ट्रोस्कोप त्यांच्या हातात द्या. आकाशाच्या हौसेला सगळ्यात आधी नोंद खरी ठेवायची सवय लागते. आणि कोकणाला उसना मोठेपणा कशाला हवा? भारतीय ज्योतिषाचा साक्षेपी इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोलीजवळच्या मुरुडचे, १८५३ चा जन्म. त्यांच्या गावच्या शाळेतल्या मुलांना त्यांचं नाव तरी माहीत असावं.

काळोखाला मान्यता मिळू शकते हे आता आपल्याच राज्यात दिसलं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्याआधी २०२२ मध्ये लडाखच्या हानले वेधशाळेभोवतीचा बावीस किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश राखीव झाला आणि तिथल्या गावकऱ्यांनी दिव्यांना पडदे-टोप्या लावल्या, पाहुण्यांना तारे दाखवायचं काम तिथल्या मुलामुलींनी शिकून घेतलं. कोकणात व्याघ्र प्रकल्पाएवढं सलग मोकळं रान नाही, हानलेची कोरडी उंच हवाही नाही. आपल्याकडे वस्ती आहे, वाड्या आहेत. म्हणून आपला मार्ग वनखात्याच्या अधिसूचनेचा नसून ग्रामसभेचा आहे.

या सगळ्यात एक धोका मला आताच दिसतो. ‘स्टारगेझिंग’ नावाची वस्तू रिसॉर्टवाले विकायला लागले आहेत. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला गच्चीवर गादी, दुर्बीण आणि कॉफी. त्यात वावगं काही नाही, घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबाला हंगामात चार जास्तीची गिऱ्हाइकं मिळाली तर आनंदच आहे. पण पाहुण्यासाठी रिसॉर्टच्या आवारात काळोख आणि बाहेर वाडीवर फ्लडलाइट, अशी वाटणी होता कामा नये. आकाश आधी वाडीतल्या पोराचं, मग पाहुण्याचं.

शाळांना दुर्बिणी द्यायच्या तर त्याचाही विचार नीट व्हावा. निधीतून आलेली मोठी दुर्बीण पहिल्याच पावसाळ्यात खोक्यात बंद राहते आणि ऑक्टोबरात उघडून बघावं तर भिंगावर बुरशीची जाळी धरलेली असते. कोकणात हे ठरलेलं. त्यापेक्षा दहा बाय पन्नासच्या चांगल्या द्विनेत्री घ्याव्यात, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पुड्या दर महिन्याला गरम करून सुकवाव्यात. तेवढ्यात गुरूचे चंद्र, कृत्तिकांचा पुंजका, देवयानीची दीर्घिका, चंद्रावरची विवरं सगळं दिसतं. एका हायमास्टच्या खर्चात तालुक्यातल्या कितीतरी शाळांना अशा द्विनेत्री मिळतील. त्या वापरायला शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबई-कल्याणच्या मंडळांनी रात्ररात्र जागून पिढ्या घडवल्या आहेत. मुंबईकर ज्या वांगणीला तारे बघायला जात, तिथवरही आता शहराचा उजेड पोचला आहे. ही मंडळी बोलावलं तर आनंदाने कोकणात येतील.

ठरावात काय असावं तेही सांगतो. नवा हायमास्ट मंजूर करण्याआधी तो कोणत्या वाटेसाठी हवा ते ग्रामसभेत लेखी यावं. नवीन पथदिवे पिवळसर आणि टोपीचे असावेत. जुन्या हायमास्टचे समुद्राकडे आणि डोंगराकडे वळलेले दिवे बंद किंवा खाली करावेत. रात्री अकरानंतर जेटीवर होड्या लागणार नसतील तर तिथला झोत बंद राहावा. पुळणीलगतच्या रिसॉर्टना कासवांच्या हंगामात समुद्राकडचे दिवे झाकायची अट असावी. थांब्यापासून वाडीपर्यंतच्या पाखाड्यांना कमी उंचीचे दिवे मिळावेत, आणि यादीत हे काम सगळ्यात वर असावं, कारण ज्यांना रात्री चालायचं आहे त्यांचा विश्वास बसल्याशिवाय पुढचं काहीच टिकणार नाही.

एवढं एकदम जड वाटत असेल तर एका रात्रीपासून सुरुवात करा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा पाऊस सरता सरता येते. तिच्यात एवढाच विषय घ्या की १३ डिसेंबरच्या रात्री दहापासून पहाटेपर्यंत गावातला हायमास्ट बंद ठेवायचा. त्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने उल्कावर्षाव असतो, वर्षातला सगळ्यात भरवशाचा. आकाश खरोखर काळं असेल आणि चंद्र आड येत नसेल तर मध्यरात्रीनंतर मिनिटाला एखादी उल्का सहज दिसते. पोरांना चादरी घेऊन सड्यावर न्या, म्हाताऱ्यांना खळ्यात खुर्च्या टाकून द्या. सकाळी पंचायतीसमोर वही ठेवा: कोणाला किती उल्का दिसल्या, कोणाला काळोखाचा त्रास झाला, कुठल्या वळणावर दिवा खरंच हवा होता. ती वही घेऊन २६ जानेवारीच्या ग्रामसभेत बसा आणि मग हायमास्टचं काय करायचं ते ठरवा.